एकच पेनड्राइव्ह

टक्! टूथपिकनं मीडिया प्लेयरच्या भोकातलं बटण दाबलं, तशी घरातली शांतता मोडली. “वहिनी, डबा आहे तो, बॉम्ब नाही!” फोनवरून एकेक पायरी सांगणारे दीर हसले. मी श्वास रोखून टीव्हीकडे बघत होते. शेवटच्या आजारपणात नवऱ्यानं लेकीसाठी रेकॉर्ड केलेल्या सात गोष्टी या स्वस्तातल्या, सारख्या बंद पडणाऱ्या डब्यात होत्या. काल त्या एकेक करून पेनड्राइव्हवर काढल्या होत्या. डब्यातलं सगळं पुसून दुसरं फर्मवेअर, डबा चालवणारं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवरून चढत होतं. पडदा उजळला. “बाबांची गोष्ट लाव,” लेक मांडीत शिरली. पेनड्राइव्ह उघडला, आत फक्त फर्मवेअर. ते पेनड्राइव्हमध्ये भरताना सकाळी कॉम्प्युटरनं विचारलं होतं, ‘सगळं पुसायचं?’ घरात पेनड्राइव्ह एकच, आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. “वहिनी? काय झालं?” लेकीनं टूथपिक माझ्या हातात दिली. “परत दाब ना. मग बाबा येतील?”