पाटावरचा सर्व्हर

मृण्मयी झेंडूचं तोरण ओवत होती, तेवढ्यात मोबाइल कोकलला: दूध संघाचा सर्व्हर गायब! एरवी ती चरफडत गाडी काढायची आणि घाट उतरून संकलन केंद्र गाठायची. आज मात्र खुशीत हसली. गेल्याच आठवड्यात तिने सर्व्हरच्या सिरियल पोर्टला स्वतंत्र सिमवर चालणारी एक डबी जोडली होती. नेटवर्क मेलं तरी आता घरबसल्या थेट सर्व्हरशी बोलता येणार होतं.

"आता गंमत बघ," असं नवऱ्याला म्हणत तिने ऐटीत लॅपटॉप उघडला. डबीने ब्रसुद्धा काढला नाही. तासाभरात संध्याकाळचं दूध यायचं होतं. तिने केंद्रावरच्या घोलपमामांना फोन लावला.

"मामा, सर्व्हर बंद पडलाय का?"

"पडला नाही मॅडम, मीच बंद केला. आज खंडेनवमी ना! सर्व्हर पाटावर मांडलाय. तुमची डबीपण वायरसकट काढून शेजारी ठेवलीय, हळदकुंकू वाहून. आज हत्याराला हात लावायचा नाही."

"अहो, मग दुधाची नोंद?"

"कागदावर करतो की. सर्व्हर नव्हता तेव्हा काय म्हशी आटल्या होत्या?"

"ते काही नाही. वायर जोडा, पुढचं मी बघते."

"तुम्ही कशाला बघताय?" मामांनी दटावलं. "डबीशेजारी तुमचं व्हिजिटिंग कार्डसुद्धा ठेवलंय. त्यालाही कुंकू लावलंय."

मृण्मयीने लॅपटॉप मिटला, त्यावर एक फूल ठेवलं आणि सुईदोरा नवऱ्यापुढे सरकवला.

"उरलेलं तोरण तूच ओव," ती म्हणाली. "मी आज पाटावर आहे."