तारीख ढकलली नाही

बायको बाळंतपणात गेल्याचं मला कळलं, त्याच दिवशी नर्सने मुलगी माझ्या हातात दिली. दोन आठवड्यांत तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळू लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आईसाठी रडते." मी म्हणायचो, "मग दोन्ही डोळ्यांनी रडली असती."

डॉक्टरांनी सांगितलं, अश्रूंची नळी बंद आहे. वर्षभर मी नाकाच्या कडेला बोटाने मालिश केली. एकदा त्यांनी बारीक सळई घालून पाहिली, तरी नळी उघडली नाही. आता डोळ्यात पू येत होता. नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन करणारे डॉक्टर जिल्ह्याला महिन्यातून एकदाच येतात. त्यांनी दिलेली तारीख नेमकी वर्षश्राद्धाची निघाली.

"तारीख पुढं ढकल," माझी थोरली बहीण आक्का म्हणाली. "गुरुजींना सांगून झालंय. पिंडाला हात कोण लावणार?"

"आणि भूल देताना पोरीला मांडीवर कोण घेणार?"

"मी जाते की दवाखान्यात."

"सहीला बाप लागतो, आक्का."

"अरे, ती तिकडं वाट बघत असेल."

"ती असती तर तिनंच मला दवाखान्यात हाकललं असतं. तू ओळखत होतीस ना तिला?"

आक्काने पोरीचं टोपडं आणि दुपटं पिशवीत भरलं.

ऑपरेशन झालं. नळी मोकळी झाली. नाकातून जरा रक्त आलं, ते मी पुसलं. गुरुजींचे दोन फोन येऊन गेले.

वर्षश्राद्ध अजून केलेलं नाही.