पहिली काडी

जुना माल विकणाऱ्या पोपटशेठने जमिनीतलं लोखंड हुडकणारी दोन्ही यंत्रं रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाशी ठेवली. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर पेटी. "लढाईतला माल आहे. कुठलंही उचला, फसणार नाही."

लढाईतला आणखीही माल त्या पाड्याला मिळाला होता. कळव्यापलीकडच्या माळावरचा लष्कराचा तळ उठला, तेव्हा न फुटलेले काही तोफगोळे शेतांतच राहिले. गेल्या चैत्रात पाड्यातल्या धाकूने राब, म्हणजे भाताचं रोप काढायचा तुकडा, भाजायला पेटवला आणि त्याच्या खालीच एक फुटला. धाकूचा उजवा हात गेला. म्हणून यंदा राब पेटवण्याआधी जमीन तपासायची, त्यासाठी पाड्याला एक यंत्र द्यायचं, असं कचेरीने ठरवलं. यंत्र निवडायचं ओव्हरसियर कानड्यांनी. पंच म्हणून सही करायची हरिहर मास्तरांनी.

वाळूत बैलाचा नाल पुरला. मास्तरांनी हेडफोन कानाला लावला. दोन्ही यंत्रं नालावर नेमकी बोलली.

"झालं तर मग," कानडे म्हणाले. त्यांनी सिगारेट पेटवली आणि काडेपेटी खिशात टाकली. "हलकं आहे ते घेऊ. करा सही."

"आधी राबात लावून बघू," मास्तर म्हणाले.

"लोखंड ते लोखंड, मास्तर. त्यात जमिनीला काय विचारायचं?"

"भात पेरताना तिलाच इचारतो आमी," रंगूबाई बोलली. सगळ्यांत जवळचा राब तिचाच होता. शेणी, फांद्या, पाचोळा बांधावर रचून तयार होता. पसरून पेटवायचा, आणि पाऊस लागण्याआधी त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी टाकायचं. पेटला नाही, तर रोप नाही.

मास्तरांनी राबात पाऊल टाकताच हेडफोन किंचाळला. पुढे सरकले, तरी तेच. दुसरं यंत्रही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या आगीत भाजून ती माती विटेसारखी लाल झाली होती. यंत्राला ती सगळीच लोखंड वाटत होती.

"घुंडी जरा कमी करतो," पोपटशेठ म्हणाला. त्याने हलक्या यंत्राची घुंडी पिळली, आणखी पिळली. हेडफोन गप्प झाला. सगळा राब फिरून झाला, तरी गप्पच.

"बघा," कानडे बांधावरून म्हणाले. "हेच यंत्र. आणि हा राब साफ."

मास्तरांनी रंगूबाईचा कोयता मागून घेतला, राबात ठेवला, वर ओंजळभर माती टाकली. त्यावरून चकती फिरवली. आवाज नाही. माती झटकून उघड्या कोयत्यावरून फिरवली. तरीही नाही.

"कोयता काही फुटत नाही, मास्तर," कानडे म्हणाले.

"पोपटशेठ, असल्या मातीत चालेल असं यंत्र असतं की नाही?"

पोपटशेठने कानड्यांकडे पाहिलं. "असतं. कल्याणला गोदामात आहे एक. पण ते जड पडतं, आणि पाऊल पाऊल मोजत चालावं लागतं. साहेबांनी हलकं आणायला सांगितलेलं."

मास्तर कानड्यांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"महिनाअखेर सगळे पाडे संपवायचेत मला," कानडे शांतपणे म्हणाले. "जड यंत्र घेऊन कुठवर फिरू? तुम्ही हट्टाला पेटलात, तर गरिबांचा हंगाम बुडेल. त्याचं पाप कुणाच्या माथी?"

त्यांनी कागद पुढे केला. मास्तरांनी धाकूकडे पाहिलं. तो करंजाखाली बसून डाव्या हाताने तंबाखू मळायचा प्रयत्न करत होता. मास्तरांनी हात मागे घेतला.

"जमीन खरंच साफ असेल, तर माझी सही कशाला लागते, साहेब?"

रंगूबाई पुढे आली. बांधावरची एक फांदी ओढून तिने राबाच्या मधोमध टाकली.

"साहेब बोलतायत ना साफ हाय? मंग झालं. आमच्या पाड्यात पहिली काडी मानाच्या माणसाची. या खाली. तुमच्याच हातानं लावा."

कोणी हसलं नाही. कानड्यांनी त्या फांदीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. सकाळपासून ते बांधावरच उभे होते. राबाच्या मातीला न लागलेली त्यांची टाच आता सगळ्यांच्या नजरेत आली.

"मला माजिवड्याला पोचायचंय," ते म्हणाले. "आणि काड्याही संपल्या."

ते भराभर रस्त्याकडे निघाले. हेडफोन मास्तरांच्या गळ्यात लोंबत होता. पावलागणिक कानड्यांच्या खिशातल्या काड्या खुळखुळत होत्या, आणि तो आवाज सगळा पाडा ऐकत होता.