पारडू

सहदेवची मुलगी दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. "मेंदू आणि पाय एकमेकांकडूनच शिकतात. हिला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले होते. सहदेव कल्याणच्या एका तबेल्यात कामाला होता. तिथे जन्मलेलं पारडू तासाभरात उभं राहायचं आणि त्याला त्या मुक्या जिवाचा हेवा वाटायचा. म्हैस व्यायल्याचं घरी सांगणंच त्याने सोडलं.

"आज म्हैस व्याली ना?" मंजुळाने नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"खोटं कशाला बोलताय? दुपारी पोरीला घेऊन मी तबेल्यात आलेले. तुम्ही पाठ फिरवून उभे होतात. पारडू चारदा पडलं. ते उठायला धडपडलं, की ही माझ्या कडेवर पाय झाडायची. पहिल्यांदाच!"