पिंपातली केळ

पंडितने लोखंडी सळई गॅसवर लाल केली आणि निळ्या पिंपाच्या बुडाला टेकवली. धूर निघाला, घाण वास सुटला आणि भोक पडलं. अशी चार-सहा भोकं पाडून तो स्वतःवरच खूश झाला. अर्धं कापलेलं पिंप भंगारातलं, तळाला घालायला विटांचे तुकडे शेजारच्या बांधकामावरचे, खत म्हणजे स्वयंपाकघरातली कुजवलेली सालं. माती मात्र दापोऱ्याहून, स्वतःच्या शेतातली. ती गोणीत भरून बसने आणताना कंडक्टरने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं होतं.

जन्मभर शेतं भरून केळी लावणारा माणूस आता शहरात, बुधवारा पेठेतल्या मुलाच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत, एका पिंपाशी झोंबत होता.

दाराच्या आत खाटेवर त्याची बायको रंभाबाई कुशीवर पडून बघत होती. तिथून तिला समोरच्या घराची पाण्याची टाकी तेवढी दिसायची. "काही हिरवं दिसत नाही हो इथून," असं ती परवा म्हणाली, आणि काल पंडित केळीचा कंद आणायला गावाकडे धावला.

डॉक्टरने त्याला आणि मुलाला, रितेशला, बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, काय आवडतं ते खाऊ घाला. रंभाबाईला दोघांनी अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. आणि पंडितच्या मनाने धरलं होतं, की केळ लावली म्हणजे तिचा घड उतरेपर्यंत ही थांबेल. वेडेपणाच तो. पण माणूस कशाला तरी धरणारच.

"पाह्य, रितेशच्या माय," कंद वर धरून तो म्हणाला, "कसा टणक हाय! पहिला घड तुह्याच हातानं उतरवू."

"कव्हा येईन घड?"

"येईन की. वर्षभरात येईन."

त्याच्या बरोबरीने रंभाबाईनेही जन्मभर केळीच लावल्या होत्या.

"मेथी टाका," ती म्हणाली.

"मेथी? एवढ्या मोठ्या पिंपात? लोक हसतीन मले."

"हसू द्या. मसाल्याच्या डब्यात दाणे हायेत. मेथी लवकर येते."

पंडितच्या हातातला कंद हातातच राहिला. तिच्याकडे न बघता त्याने माती सारखी केली आणि हट्टाने, अगदी मधोमध कंद बसवला. मग आत जाऊन डबा घेऊन आला. कंदाभोवती चिमटीने दाणे टाकताना त्याला नीट दिसत नव्हतं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही मातीने भरलेले.

"इतके विरळ काय टाकता!" रंभाबाई आतून म्हणाली. "दाट टाका. केळ तुमी पहा. मले मेथी दिसू द्या."