दुर्बिणीचं दार

अंतराळातल्या त्या दुर्बिणीचं दार काही केल्या बसत नव्हतं. सूर्य वर यायच्या आत ते मिटलं नाही, तर आतली नवी यंत्रं भाजून निघणार होती. वेंडेल आणि डॉयल बाहेरून, दोन कडांना धरून रेटत होते.

डॉयलचा रेडिओ मघाशीच बंद पडला होता. अशा वेळी हेल्मेटला हेल्मेट टेकवून बोलायचं, ही त्यांची जुनी रीत; हवा नसली तरी टेकलेल्या वस्तूतून आवाज जातो.

"जोर लाव की रे! नाश्ता नाही का केलास?" ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही वेंडेल करवादला.

अखेर दार बसलं. वेंडेलने कड्या लावल्या.

"शाब्बास!" यानातून मार्गो म्हणाली. "डॉयल बरा आहे ना, विचार बघू."

डॉयल शेजारीच होता. त्याचा हात वेंडेलच्या खांद्यावर होता, पण सोनेरी काचेआडचा चेहरा दिसत नव्हता.

"विचारतो. जरा दम घेऊ दे," म्हणत वेंडेलने आपलं हेल्मेट दारालाच टेकवलं.

दाराच्या आतून डॉयलचा आवाज आला.

"वेंडेल, थट्टा पुरे झाली. मी अजून आतच आहे. दार उघड."

खांद्यावरचा हात घट्ट झाला. मग शेजारचं हेल्मेट, काहीतरी सांगायचं असावं तसं, हळूहळू त्याच्याकडे झुकू लागलं.