सम्राटाचे वीस शब्द

सम्राट व्हॉर्डाक गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडू लागला, असं वेंडेलने जाहीर केलं. सम्राटाने तीन शहरं जाळली होती. ती का जाळली, याची कारणं वेंडेल दुपारपासून सांगत होता. एव्हाना ती तिन्ही शहरांना पुरून उरली होती.

हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ होता; बाकीचे एकेक पात्र व्हायचे, आणि खेळ वेंडेल चालवायचा. राजे, राक्षस, वादळं, सगळं त्याच्याच तोंडून यायचं. मिनेसोटातल्या त्याच्या तळघरात टेबलाभोवती डग आणि ऑर्व्हिल हे जुने सवंगडी बसले होते, आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी ब्रिटा. तिच्या आईचं घर सोडून गेल्यापासून सहा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच बोलावलं होतं. हा सम्राट त्याने खास तिच्यासाठी रचला होता.

“त्यालाही एक मुलगी होती,” वेंडेल म्हणाला. “राज्य वाचवायचं म्हणून तिला सोडून जावं लागलं. रोज आठवण यायची त्याला तिची.”

डगने चीज लागलेली बोटं शर्टाला पुसली आणि डोळे टिपले. “बिचारा! मुळात वाईट नव्हताच रे तो.”

“मी तलवार म्यान केली,” ऑर्व्हिल म्हणाला. “शहरं काय, परत बांधता येतात.”

मग तिघेही ब्रिटाकडे बघू लागले. खेळात ती धर्मयोद्धा होती. क्षमा करायचा अधिकार फक्त तिला होता. ते पात्र वेंडेलनेच तिच्या हातात दिलं होतं.

ब्रिटाने नियमांचं पुस्तक उघडलं. “सम्राट एवढा मोठा जादूगार, म्हणजे त्याला संदेशमंत्र येत असणार. कितीही लांब पोहोचतो, रोज एकदा, फक्त वीस शब्द.”

“येतो,” वेंडेल जपून म्हणाला.

“मग एकदाही का नाही पाठवला?”

“अगं, एवढं सैन्य सांभाळायचं म्हणजे खायचं काम आहे का?” ऑर्व्हिल म्हणाला.

“बरं. आत्ता पाठवू दे. मी त्याची मुलगी बनते. पाठव, बाबा.”

“आता रडवणार हा,” डग कुजबुजला.

वेंडेलने समोरचे कागद बाजूला सारले. त्याचा आवाज आता सम्राटाचा राहिला नव्हता.

“बाळा, तुला मोठी झाल्यावर कळेल, तेव्हा परिस्थितीच अशी होती, तुझ्या आईशी बोलणं अशक्य झालं होतं, नोकरीही तिकडेच मिळाली, खरंतर मी...”

ब्रिटा बोटांवर मोजत होती. तिने हात वर केला. “झाले वीस.”

“सम्राटाला नोकरी?” डगने विचारलं. ऑर्व्हिलने टेबलाखालून त्याला लाथ मारली.

“...चुकलो,” वेंडेलने वाक्य पुरं केलं.

ब्रिटाने पुस्तक मिटलं.

“ते नाही पोहोचलं, बाबा. उद्या तिथूनच सुरुवात कर.”